आयातीने नोकरी गेली तर? अमेरिकेतल्या 'टीएए'ची पार्श्वभूमी

स्वस्त परदेशी माल आला आणि त्यापायी कारखान्याला टाळं लागलं, तर तिथल्या कामगाराला सरकारने हात द्यावा, यासाठी अमेरिकेत 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' ही योजना आहे. बोलण्यात सगळे 'टीएए'च म्हणतात. 'आहे' म्हणताना मात्र जीभ अडखळते, कारण १ जुलै २०२२ पासून तिच्यात एकही नवा अर्ज मंजूर झालेला नाही.

कल्पना निघाली ती कामगारांच्या बाजूने. आयातशुल्काचा फेरविचार करणाऱ्या रँडल आयोगात पोलाद कामगारांचे नेते डेव्हिड मॅकडोनल्ड होते. व्यापार खुला करायचा तर करा, पण ज्यांचा घास जाईल त्यांची सोय सरकारने लावावी, असं त्यांनी १९५४ मध्ये मांडलं. तेव्हा ते बाजूला पडलं. १९६२ मध्ये केनेडींना शुल्ककपातीच्या वाटाघाटींसाठी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, अधिकार हवे होते आणि त्यासाठी कामगार संघटनांची साथ लागणार होती. मग हीच सूचना व्यापार विस्तार कायद्यात आली. सरासरी पगाराच्या ६५ टक्के भत्ता, साधारण ५२ आठवडे, शिवाय नवं काम शिकण्याची सोय. कागदावर उत्तम.

अट मात्र अशी, की नोकरी मुख्यतः शुल्क कमी केल्यामुळेच गेली हे सिद्ध व्हावं. हे कोण सिद्ध करणार? १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! सात वर्षं योजना आणि लाभार्थी शून्य. 'मयताच्या खर्चाचा विमा' अशी तिची हेटाळणी होऊ लागली, आणि खुल्या व्यापाराच्या बाजूने उभी राहिलेली एएफएल-सीआयओ ही कामगार संघटनांची शिखर संस्था सत्तरीच्या सुरुवातीला आयातीवर बंधनं मागू लागली.

पुढचा सौदा १९७४ चा. सरकारला पुन्हा वाटाघाटींचे अधिकार हवे होते, म्हणून अट सैल झाली. आयातीचा 'महत्त्वाचा हातभार' दिसला तरी पुरे. १९८० मध्ये जपानी गाड्यांपुढे अमेरिकेतलं मोटारींचं शहर डेट्रॉइट हतबल झालं, तेव्हा पाच लाखांहून अधिक कामगारांनी भत्ता घेतला आणि खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यातले बरेच जण नंतर जुन्याच कारखान्यात परतले, ही गोष्ट टीकाकारांच्या पथ्यावर पडली. रेगन सरकारने १९८१ मध्ये भत्ता बेकारभत्त्याच्या पातळीवर आणला, तोही बेकारभत्ता संपल्यावरच.

नंतर तेच चक्र फिरत राहिलं. मेक्सिको आणि कॅनडाशी 'नाफ्टा' हा खुल्या व्यापाराचा करार झाला तेव्हा त्या दोन देशांमुळे नोकरी गेलेल्यांसाठी वेगळी खिडकी उघडली. २००२ मध्ये व्यापाराचे अधिकार बुशना हवे होते, तेव्हा आरोग्यविम्याच्या हप्त्यावर करसवलत आली.

या कहाणीत भारत शिरतो तो संगणकाच्या वाटेने. कोडिंगचं काम भारतात गेल्यामुळे घरी बसलेल्या अमेरिकन प्रोग्रॅमरांचे अर्ज कामगार खातं फेटाळायचं. कारण काय, तर कायद्यात 'वस्तू' म्हटलंय आणि तारेवरून पाठवलेलं सॉफ्टवेअर वस्तू नव्हे. कोर्टकज्जे झाल्यावर २००६ मध्ये खात्याने ती भूमिका सोडली आणि २००९ च्या दुरुस्तीने सेवाक्षेत्रातले कामगारही योजनेत आले. पुण्या-बंगळुरूत ज्यांना त्या काळात नोकऱ्या लागल्या, त्यांना पलीकडची ही बाजू क्वचितच दिसली असेल.

चिनी आयातीच्या लाटेतही योजना तोकडीच पडली. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं, की त्या लाटेत सापडलेल्या भागांत टीएएपेक्षा कितीतरी जास्त पैसा अपंगत्व भत्त्यासारख्या मार्गांनी गेला. तरी ती निरुपयोगी म्हणणं मला पटत नाही. बेंजामिन हायमन यांच्या अभ्यासात, अर्ज मंजूर झालेल्यांची दहा वर्षांतली कमाई नामंजूर झालेल्यांपेक्षा सुमारे ५० हजार डॉलरने जास्त निघाली.

२०१५ चा जूनही लक्षात ठेवण्यासारखा. ओबामांना व्यापाराचे अधिकार मिळू नयेत म्हणून त्यांच्याच पक्षाच्या बहुतेक प्रतिनिधींनी टीएएच्या विरोधात मत दिलं, कारण दोन्ही प्रस्ताव एकाच दोरीने बांधले होते. कामगारांची बाजू घेणाऱ्यांनी कामगारांचीच मदत पाडली! पंधरवड्याने दोन्ही मंजूर झाले, पण टीएएला मुदत घालूनच.

ती मुदत २०२१ मध्ये भरली. वर्षभर आखडलेल्या नियमांवर योजना चालली, सेवाक्षेत्र पुन्हा बाहेर गेलं, आणि मग दार बंद. या वेळी कुणाला व्यापाराचे अधिकार नको होते, त्यामुळे मदतीच्या बदल्यात मतं मागायला कुणी आलं नाही. आधी मंजुरी मिळालेल्यांचे लाभ चालू राहिले. नव्या अर्जांची चौकशी करण्याचा अधिकार कामगार खात्याकडे उरला नाही.