1,400 किलोमीटर जास्त, तरी दोन तास आधी

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने वाट बदलली. तोवर ते पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. नवी वाट पूर्वेकडची, प्रशांत महासागरावरून, सुमारे 15,300 किलोमीटरची. तरीही विमान साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचलं.

खरं तर यातली कोणतीच वाट सर्वांत जवळची नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक दोरा ताणून धरा. तो सैबेरिया, आर्क्टिक समुद्र आणि अलास्कावरून जातो. गोलावरच्या अशा सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, त्यावरचं अंतर जेमतेम 12,400 किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट जवळची असेल असं कुणाला वाटणारही नाही, म्हणून मुलांना दोऱ्याचा हा प्रयोग जरूर करायला लावावा.

मग लांबच्या वाटेने वेळ कसा वाचला? पृथ्वी फिरते म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या रेल्वेत वर उडवलेला चेंडू मागे न पडता हातातच येतो, तसंच हे. करामत आहे ती वाऱ्याची.

विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवा जिथे भिडते तिथे, जमिनीपासून 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, वाऱ्याची नदीच वाहते. ती जेट स्ट्रीम. तिचा वेग कधीकधी ताशी 400 किलोमीटरपर्यंत जातो, आणि प्रवासी विमानं उडतात तीही नेमकी याच उंचीवर. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परांतो या, सगळ्या जगासाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिला, आणि त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. मला याची फार हळहळ वाटते.

आता हिशेब करू. विमान हवेतून ताशी 900 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. वारा पाठीशी असेल तर त्याचा वेग यात मिळवायचा, समोरून असेल तर वजा करायचा. 15,300 किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे सरासरी ताशी 1,050च्या वर. अटलांटिकच्या वाटेवर हीच सरासरी 850 भरत नव्हती. फेब्रुवारी 2020 मध्ये तर एका वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोहोचलं.

परतीला मात्र प्रशांतवरून आलं तर हाच वारा समोर येतो. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला निघालेलं विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आणायचं ठरलं. म्हणजे जाऊन-येऊन प्रवाशाची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी.