मेल सर्व्हरचे रिपोर्ट स्क्रिप्टने काढायची पद्धत कुठून आली: पार्श्वभूमी

युनिक्सवाल्यांकडे हे पहिल्यापासूनच होतं. सेंडमेल हा मेल सर्व्हर असो की नंतरचा पोस्टफिक्स, लॉग साध्या टेक्स्टमध्ये, त्यावर पर्ल भाषेतली एखादी स्क्रिप्ट आणि रात्री ती ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन, सकाळी रिपोर्ट मेलबॉक्समध्ये हजर. खरी गुंतागुंत एक्स्चेंजच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या बाजूला झाली.

एक्स्चेंज 2000 आणि 2003 च्या काळात सगळं खिडकीत क्लिक करूनच चालायचं. स्क्रिप्ट लिहायचीच म्हटलं तर व्हीबीस्क्रिप्ट ही भाषा, त्यात विंडोजची माहिती काढायला थोडं डब्ल्यूएमआय, युजरची यादी वाचायला थोडं एडीएसआय, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण गरजही कमी होती, कारण कोणाचा मेलबॉक्स किती मोठा ही यादी सिस्टिम मॅनेजरमध्ये, म्हणजे एक्स्चेंज सांभाळायच्या खिडकीत समोरच दिसायची.

2006 च्या शेवटी पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची नवी कमांड आणि स्क्रिप्टची भाषा आली आणि लगेच त्याच्यावर उभं असलेलं एक्स्चेंज 2007. आता आधी कमांड, खिडकी त्याच कमांड मागून चालवणार. कल्पना चांगलीच होती, पण पहिल्या आवृत्तीत कितीतरी गोष्टी खिडकीत आल्याच नाहीत. पब्लिक फोल्डर (सगळ्यांच्या सामायिक वापराचे) सांभाळायची खिडकी सर्व्हिस पॅक 1 मध्ये आली, आणि ती साइजची यादी गेली ती गेलीच, एकेका मेलबॉक्सची प्रॉपर्टी उघडून बघा नाहीतर गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्स ही कमांड चालवा. घरोघरी साइज रिपोर्टच्या स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या त्या हौसेने नव्हे, अडल्यामुळे.

मग एक्स्चेंज 2010 मध्ये शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, रिमोट झालं, आणि अजूनही लोक भांडतात ते यावरूनच. कमांड तुमच्या मशीनवर चालतच नाही, सर्व्हरवर चालते आणि उत्तर तेवढं इकडे येतं. कारण पटण्यासारखं होतं, कोणाला कोणती कमांड चालवू द्यायची हे रोलप्रमाणे सर्व्हरच ठरवणार, हेल्पडेस्कच्या माणसाला पूर्ण ॲडमिन करायची गरज नाही. पण उत्तर येताना वाटेत ऑब्जेक्टचा (माहिती आणि तिच्यावर करता येणाऱ्या क्रिया यांच्या गठ्ठ्याचा) जीव जातो, नुसतं कलेवर हातात पडतं. 2007 मध्ये साइजला टूएमबी (एमबीत बदलणारी क्रिया) लावलं की आकडा मिळायचा, आता त्याच जागी "1.5 जीबी (1,610,612,736 बाइट्स)" अशी अख्खी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, तिला टूएमबी माहीतच नाही. मोठे आधी असं सॉर्ट केलं तर "9 एमबी" वर आणि "10 जीबी" खाली. त्यात गंमत म्हणजे खुद्द सर्व्हरवर एक्स्चेंजचं शेल उघडलं की तीच स्क्रिप्ट नीट चालायची, कारण तिथे टाइप, म्हणजे साइजसारख्या ऑब्जेक्टच्या व्याख्या, लोड झालेले असतात, म्हणजे एकाकडे चालतंय, दुसऱ्याकडे लाल अक्षरं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी सगळ्यांनी कंसातले बाइट्स रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्राने) ओरबाडून काढायला सुरुवात केली. मला विचाराल तर रोलची सोय हवीच होती, पण स्ट्रिंगसोबत बाइट्सचा सरळ आकडा वेगळ्या कॉलममध्ये दिला असता तर बिघडलं काय असतं?

शिवाय मेलबॉक्सची यादी देणारी गेट-मेलबॉक्स ही कमांड, मर्यादा काढ असं वेगळं सांगितलं नाही तर, फक्त पहिले 1000 मेलबॉक्स देते. खाली पिवळ्या अक्षरात वॉर्निंग येते खरी, पण ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या शेड्यूल्ड टास्कमध्ये ती बघणार कोण, आणि रिपोर्टची सीएसव्ही फाइल तर व्यवस्थित भरलेली दिसते.

सर्व्हर क्लाउडमध्ये गेले तशी हीच रिमोटची सवय लांबवर ताणली गेली. सेशन मध्येच तुटायचं, थ्रॉटलिंग लागायचं (सर्व्हर मुद्दाम वेग कमी करायचा), हजारो मेलबॉक्सचा रिपोर्ट तासन् तास रखडायचा. 2020 मध्ये रेस्टवर, म्हणजे सेशन धरून न ठेवता वेब विनंत्यांवर, चालणाऱ्या नव्या कमांड आल्या, वेग सुधारला. ऑक्टोबर 2022 पासून बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे नुसत्या नाव-पासवर्डने लॉगिन, बंद होत गेलं आणि फाइलमध्ये पासवर्ड लिहून ठेवलेल्या रात्रीच्या स्क्रिप्ट एकेक करून आडव्या झाल्या. आता स्क्रिप्टच्या लॉगिनसाठी ॲप रजिस्टर करा, पासवर्डच्या जागी सर्टिफिकेट बनवा, त्याला नेमक्या परवानग्या द्या. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे ते, फक्त त्या सर्टिफिकेटची मुदत संपली की रिपोर्ट गुपचूप थांबतो, आणि मुदत संपत आली हे कळवायला पुन्हा एक स्क्रिप्ट लिहावी लागते.