सहाच्या पटीत मोजलेलं कोठार

पापुआ न्यू गिनीच्या नैर्ऋत्य टोकाला मोरहेड नावाचं एक छोटं सरकारी ठाणं आहे. त्याच्या जवळच्या रौकू गावात कंदांची मोजदाद असते तेव्हा दोन पुरुष ढिगापाशी उभे राहतात. दोघंही तीन-तीन कंद उचलतात, बरोबरीनं चालत जाऊन ते सहा कंद दुसऱ्या ढिगात टाकतात आणि मोठ्यानं आकडा पुकारतात. पुन्हा तीन-तीन, पुन्हा पुकारा. अशा सहा खेपा झाल्या की ३६ कंद होतात. त्याची खूण म्हणून एक कंद बाजूला ठेवला जातो. खुणेचे कंद सहा झाले की २१६. आपल्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत आहे. ते माप जसं चारचौघांदेखत, खड्या आवाजात होतं, तसंच हेही.

रौकूत कोम्न्झो ही भाषा बोलतात. ती बोलणारी माणसं जेमतेम अडीचशे. पण या भाषेत सहाच्या प्रत्येक घातासाठी स्वतंत्र शब्द आहे: निबो म्हणजे ६, फ्ता म्हणजे ३६, तारुबा २१६, दाम्नो १२९६, वॅरॅमॅका ७७७६ आणि वी म्हणजे ४६,६५६. मराठीत शंभर, हजार, लाख असे शब्द असले तरी दहा हजारासाठी रोजच्या बोलण्यात आपल्याला दोन शब्द जोडावेच लागतात. कोम्न्झोच्या शिडीत मधली एकही पायरी गाळलेली नाही. ना बाजार, ना राजाचा खजिना, ना सारा वसूल करणारा कारकून. तरीही सहाचा सहावा घात. मोठ्या संख्या व्यापारातून आणि राज्यकारभारातून येतात, असं आपण धरून चालतो. इथे त्या कंदांच्या कोठारातून आल्या.

हे कंद आपल्या ओळखीचे आहेत. पौष-माघात कोकणात आणि गुजरातच्या सीमेकडे उंधियोत पडणारं जांभळं किंवा पांढरं कोनफळ याच कुळातलं, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा. मोरहेडच्या मळ्यांत कोनफळ असतं, तशीच त्याची लहान कंदांची बहीण डायोस्कोरिया एस्क्युलेंटा, म्हणजे आपली काटेकणगीही असते. आपण या कंदांना हौसेची भाजी मानतो; तिथे ते वर्षाचं अन्न आहे.

वर्षाचं अन्न व्हायला पिकात एक गुण लागतो: ते टिकलं पाहिजे. केळी पिकली की दोन दिवसांत संपवावी लागतात, अळूचा कंदही काढल्यावर फार काळ राहत नाही. कोनफळ मात्र झोपतं. वेल वाळला की कंद सुप्तावस्थेत जातो आणि कित्येक आठवडे, अनेकदा दोन-चार महिने, त्याला कोंब फुटत नाही. कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी तो धान्यासारखा साठवता येतो. वेलीच्या दृष्टीनं ही कोरड्या ऋतूतून जिवंत पार पडण्याची युक्ती आहे. पाऊस येताच जुना कंद स्वतःला रिता करत नवा वेल वाढवतो आणि जमिनीखाली नवा कंद तयार होतो. जुना सुरकुतून संपतो.

यातच मोजण्याची गरज दडलेली आहे. कोनफळाचं बियाणं म्हणजे कोनफळच. भाताचं बी पिकाच्या मानानं चिमूटभर लागतं, कंदांचा मात्र मोठा वाटा पुन्हा जमिनीत घालावा लागतो. तेव्हा कोठारातल्या प्रत्येक कंदावर तीन हक्कदार असतात: आज जेवणारं घर, पुढच्या वर्षीचा मळा आणि ज्यांचं देणं फेडायचं ते सोयरे. अंदाज चुकला तर पेरायच्या कंदांवर हात टाकायची पाळी येते. एक दाम्नो, म्हणजे १२९६ कंद, वर्षाला वाटून पाहिले तर रोजचे साडेतीन पडतात. एवढं गणित केलं की हा आकडा घरगुती वाटू लागतो.

जमीनही हिशेबानंच वागायला लावणारी आहे. न्यू गिनी म्हटलं की घनदाट ओलं अरण्य आठवतं, पण हा दक्षिणेचा सखल पट्टा उत्तर ऑस्ट्रेलियासारखा दिसतो: निलगिरीची विरळ झाडी, कागदासारखी साल सुटणारी मेलाल्यूका, वारुळं, गवतात कांगारूसारखे छोटे वॉलबी. तसं असणं स्वाभाविकच आहे. सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत टॉरेसची सामुद्रधुनी नव्हतीच. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया ही एकच भूमी होती. हिमयुगानंतर समुद्र चढला आणि जमीन दुभंगली. उरला तो जवळजवळ सपाट गाळाचा प्रदेश. या मातीत कुऱ्हाडीला लागेल असा दगडही मिळत नसे. तो बाहेरून, टॉरेसच्या बेटांकडून, देवाणघेवाणीत यायचा.

पाऊस मोसमी आहे. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत सखल भाग पाण्याखाली जातो, मग जमीन वाळते. गावं आणि मळे थोड्याशा उंचवट्यांवर असतात. कोरड्या दिवसांत झाडी तोडून, वाळवून जाळतात. राखेतून पालाश आणि स्फुरद मातीला मिळतं, नत्र मात्र बरंचसं धुरातून निघून जातं. म्हणून काही हंगामांनी तो तुकडा सोडून द्यायचा आणि रान पुन्हा वाढू द्यायचं. रानडुकरांपासून राखण म्हणून कुंपण, वेलांना आधाराच्या काठ्या, पहिल्या सरींच्या आधी लागवड, पावसाळा सरला की काढणी. पीक आलं नाही तर दलदलीतल्या साबुदाण्याच्या ताडाचा गाभा आणि शिकार हा आधार उरतो.

विस्तार पाहिला तर माणसं फारच थोडी. मोरहेड ज्यात येतं तो वेस्टर्न प्रॉव्हिन्स हा देशातला सर्वांत मोठा प्रांत, सुमारे ९८,००० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या साधारण तिसरा हिस्सा. २०११च्या जनगणनेत तिथे दोन लाखांच्या आसपास लोक होते. तरी ही जमीन मोकळी पडलेली नाही. पापुआ न्यू गिनीत बहुतांश जमीन परंपरेनं कुळांच्या मालकीची आहे, आणि मोरहेडच्या पश्चिमेचं टोंडा हे ५,९०० चौरस किलोमीटरचं वन्यजीव क्षेत्रही स्थानिक जमीनमालकांच्याच हक्काखाली आहे.

गावागावांतले संबंध लग्नांनी बांधलेले असतात. या भागात बहिणींच्या अदलाबदलीची रीत आहे: एका कुळानं मुलगी दिली की समोरच्यानंही द्यायची. मुलगी बहुधा दुसऱ्या भाषेच्या गावातून येते, त्यामुळे मुलं दोन-तीन भाषा बोलत वाढतात. अन्नाची देवघेवही तशीच तोलाची. फ्रान्सिस एडगर विल्यम्स हे पापुआच्या वसाहती सरकारचे मानववंशशास्त्रज्ञ १९२०-३०च्या दशकांत इथल्या केराकी लोकांमध्ये राहिले. मेजवान्यांसाठी कंद सहा-सहांनी मोजले जात असल्याची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. समोरच्याला किती दिलं हे सर्वांसमोर मोजायचं, कारण उद्या तेवढंच परत यायचं असतं. अलीकडे भाषाशास्त्रज्ञ निकोलस इव्हान्स यांनी बिमादबन गावच्या नेन भाषेवर आणि क्रिस्टियान ड्योलर यांनी कोम्न्झोवर काम केलं, तेव्हा हीच पद्धत त्यांना शेजारच्या भाषांमध्ये भेटली.

जगातल्या बहुतेक भाषा पाच, दहा किंवा वीसच्या पायावर मोजतात, कारण बोटं हाताशी असतात. सहाचा पाया दुर्मीळ. तो एकाच घराण्याच्या भाषांत असता तर टिकून राहिलेला एखादा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता आला असता. पण मोरहेडच्या पश्चिमेला, सीमेपलीकडे इंडोनेशियात, कोलोपोम हे दलदलीचं मोठं बेट आहे. तिथले शेतकरी चिखल आणि गवताचे थर रचून पाण्यात उंच वाफे उभारतात आणि त्यांवर कंद लावतात. या बेटावरची एन्डोम भाषा कोम्न्झो-नेनच्या घराण्यातली नाही, तरी तिच्यातही ६ म्हणजे मेर, १८ म्हणजे तोंदोर आणि ३६ म्हणजे निफ. नातं नसलेल्या दोन घराण्यांत हाच पाया सापडतो तो कंद पिकवणाऱ्या या एका सखल पट्ट्यात. म्हणून मला कारण बोटांपेक्षा दोन माणसांच्या तीन-तीन कंदांतच शोधावंसं वाटतं.