घोडी म्हणजे गाय नव्हे

अकलूजच्या घोडेबाजारात आजही एक सल्ला छातीठोकपणे दिला जातो: 'घोडी माजावर आली की त्याच दिवशी घोडा दाखवा, नाहीतर माज वाया गेला.' हा हिशेब गोठ्यातून आलाय. गाईचा माज जेमतेम 12 ते 18 तासांचा, म्हणून सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची घाई. घोडीचा माज मात्र साधारण 5 ते 7 दिवस चालतो आणि स्त्रीबीज सुटतं ते शेवटच्या 24 ते 48 तासांत. पहिल्याच दिवशी घोडा लावून गप्प बसलात, तर बीज सुटेपर्यंत वीर्य बहुधा निकामी झालेलं असतं. मग दोष घोड्याला! शेपूट बाजूला धरणं, थोडं थोडं मुतणं, योनीची उघडझाप ही लक्षणं दिसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड घोडा दाखवा, ती लाथा झाडून नाकारेपर्यंत. नेमका दिवस हवा असेल तर पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी.

एका माजापासून पुढच्या माजापर्यंतचा फेरा साधारण 21 दिवसांचा, पण तो बारमाही धरू नका. घोडीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. थंडीत दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्या थांबतात. त्यामुळे डिसेंबरात माज दिसला नाही म्हणून घोडीला लगेच वांझ ठरवू नका.