लोटस एलान : ब्रिटिश फायबरग्लास किट मोटारीची खरेदी आणि पुनर्बांधणी

लोटस एलान ही ब्रिटनच्या लोटस कंपनीची दोन आसनी स्पोर्ट्स मोटार. १९६२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९७३ पर्यंत तिचे उत्पादन चालले. फायबरग्लासची बॉडी, तिच्या पोटातून जाणारा पोलादी पत्र्याचा कणा, फोर्डच्या ब्लॉकवर बेतलेले दोन कॅमशाफ्टचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एवढे सगळे असून वजन जेमतेम ६८० किलो. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या अनेक एलान तयार गाडी म्हणून गेल्याच नाहीत. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, म्हणून त्या ग्राहकाच्या दारात उतरल्या आणि घरच्या गॅरेजात जोडल्या गेल्या. आज या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. त्या विकत घेऊन पार खोलायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या, हा ब्रिटनमध्ये चांगला रुजलेला छंद आहे. या छंदात सर्वांत महागात पडणारी समजूत एकच : फायबरग्लास गंजत नाही, म्हणून गाडीही गंजत नाही.

किटची कुळकथा. ब्रिटनमध्ये १९४० साली, महायुद्धाच्या काळात, खरेदी कर लागू झाला आणि युद्ध संपल्यावरही तो राहिला. तयार मोटारीवर तो भरावा लागे, सुट्या भागांवर मात्र नाही. जुन्या फोर्डचा सांगाडा घेऊन त्यावर नवी बॉडी चढवण्याचा उद्योग पन्नाशीच्या दशकात गॅरेजागॅरेजांत चालू होताच. त्याला फायबरग्लासने बळ दिले. पत्रा दाबायचा तर अवजड प्रेस आणि महागडे साचे लागतात. फायबरग्लासला एक साचा, काचतंतूंची मॅट, वाळून कडक होणारे रेझिन आणि राबणारे हात पुरतात. छोट्या भांडवलावर गाड्यांचे कारखाने उभे राहिले ते यामुळे. सफोकमध्ये वॉकलेट बंधूंची जिनेटा, लाकडी प्लायवूडचा सांगाडा वापरणारी मार्कोस, ब्लॅकपूलची टीव्हीआर, वेल्समधली गिल्बर्न ही त्यांतली ठळक नावे. टॅमवर्थची रिलायंट कंपनीही फायबरग्लासवालीच. तिच्या ‘किटन’ या छोट्या गाडीवरून बंगळुरूच्या सिपानी कंपनीने ऐंशीच्या दशकात ‘डॉल्फिन’ काढली होती. त्या काळात भारतीय रस्त्यांवर फायबरग्लासची बॉडी पाहिलेल्यांना या घराण्याची तोंडओळख आहे असे म्हणता येईल.

एलान सुरुवातीला किट म्हणून सुमारे १,१०० पौंडांना मिळे, तयार घेतली तर सुमारे १,५०० पौंडांना. त्या काळी ही तफावत लहान नव्हती. करसवलतीला एक अट होती : संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. त्यावर लोटसने गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या, असा किस्सा एलानच्या हौशी मंडळींत आवडीने सांगितला जातो. प्रत्यक्षात एलानची बॉडी रंगवून, आतले अस्तर आणि वायरिंग बसवूनच येत असे. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, चाके एवढे जोडले की गाडी रस्त्यावर येण्याजोगी होई. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, तो सुट्या भागांनाही लागू झाला आणि किटमधला आर्थिक फायदाच संपला.

आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. प्रत्येक किट वेगळ्या हाताने जोडलेले आहे. कुणी निष्णात फिटर होता, कुणी शनिवार-रविवारी हौस भागवणारा कारकून. एकाच महिन्यात निघालेल्या दोन गाड्यांचे बोल्ट, वायरी, नळ्या सारख्या सापडतील याची खात्री नाही.

रचना. एलानचा आराखडा मुख्यतः रॉन हिकमन यांचा. घडीचा ‘वर्कमेट’ कामाचा टेबल शोधणारे हेच ते गृहस्थ, आणि ब्रिटनमधल्या घरगुती गॅरेजांत तो टेबल आजही सर्रास दिसतो. लोटसची आधीची ‘एलीट’ ही सांगाड्याविना, संपूर्ण फायबरग्लासच्या कवचावर उभी होती आणि ती बनवणे कंपनीला फार जड गेले. एलानमध्ये लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी वाकवलेल्या पत्र्याची पेटी गाडीच्या मधोमध लांबवर नेली आणि दोन्ही टोकांना तिला फाटे फोडले. पुढच्या फाट्यात इंजिन बसते, मागच्या फाट्याच्या दोन उंच खांबांना मागचे सस्पेन्शन अडकते. चाकांचा सगळा भार हा कणा घेतो, बॉडी त्यावर बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट थेट फायबरग्लासमध्ये बसत नाहीत. त्यांच्यासाठी बॉडीत धातूची बोंडे ओतलेली असतात.

इंजिनाचे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट बसतात तो वरचा भाग, अभियंता हॅरी मंडी यांनी रेखाटले. पहिल्या मोजक्या गाड्या सोडल्या तर इंजिनाचा आकार १,५५८ घनसेंटिमीटर आणि शक्ती सुमारे १०५ अश्वशक्ती. शेवटच्या ‘स्प्रिंट’ आवृत्तीत मोठे व्हॉल्व्ह आले आणि शक्ती १२६ वर गेली. हलकेपणामुळे ही गाडी वळणावर जशी चालते तशी आजच्या कितीतरी महाग गाड्या चालत नाहीत. १९८९ साली माझ्दाने एमएक्स-५ ही स्पोर्ट्स मोटार काढली तेव्हा तिच्यासमोर एलानचा आदर्श होता, यात नवल नाही.

खरेदी. जाहिरातीतल्या फोटोत रंग दिसतो, कणा दिसत नाही. म्हणून तपासणी खालून सुरू करावी. कण्याच्या पुढच्या टोकाला सस्पेन्शनचे दोन मनोरे आहेत आणि त्यांना जोडणारी आडवी पोकळ पेटी आहे. एलानचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटतात आणि इंजिनाच्या निर्वाताने उघडतात. त्या निर्वाताची टाकी म्हणजे हीच पोकळ पेटी. मनोऱ्यांत पाणी निचऱ्यासाठी भोके ठेवलेली आहेत, पण ती चिखलाने बुजतात, पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरून काळा रंग शाबूत, आत मात्र कागदाची जाडी, असे होते. पाना किंवा छोटी हातोडी घेऊन ठोकून पाहिल्यास धडधाकट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. मालक ठोकू देत नसेल तर त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. इंजिन चालू असताना दिवे उघडायला आळस करत असतील, किंवा बंद केल्यावर लगेच माना टाकत असतील, तर कुठेतरी निर्वात गळतो आहे. गळती रबरी नळीत असेल तर ठीक, पेटीत असेल तर चॅसिस, म्हणजे हा अख्खा कणा, बदलायची तयारी ठेवावी. (नंतरच्या काही गाड्यांत ही योजना उलटी आहे : निर्वात दिवे मिटवून धरतो, आणि गळती असली की ते आपोआप वर येतात.)

नवी, जस्ताचा मुलामा दिलेली चॅसिस बाजारात मिळते आणि पुष्कळ एलानवर ती बसवून झालेली आहे. मूळ चॅसिसचा आग्रह धरणारे संग्राहक आहेत, पण रोज चालवायच्या गाडीला जस्ताची चॅसिस ही उणीव मानू नये. ती जमेचीच बाजू आहे. फक्त केव्हा बसवली, कुणी बसवली याची पावती मागावी.

मग बॉडी. दारांच्या बिजागऱ्यांभोवती, बॉनेटच्या कोपऱ्यांत, दिव्यांच्या खोबणीपाशी चांदणीसारखे फुटलेले बारीक तडे दिसतात. हे बहुतेक जेलकोटचे, म्हणजे रेझिनच्या सर्वांत वरच्या गुळगुळीत थराचे असतात. जेलकोट ठिसूळ, त्याखालचे काचतंतू लवचिक. तडे वरवरचे की आरपार, हे चाकाच्या कमानीत हात घालून आणि टॉर्च मारून आतल्या बाजूने पाहावे. तिथे वेगळ्या रंगाचे रेझिन, जाड थर किंवा सरळ रेषेतला सांधा दिसला तर गाडीचा पुढचा भाग अपघातात गेलेला आणि नवा चिकटवलेला आहे. सांधा नीट केलेला असेल तर त्यात वावगे काही नाही. रंगावर बाजरीएवढे फोड असतील तर ओल रंगाखाली शिरली आहे आणि रंग मुळापासून काढावा लागणार आहे.

इंजिनात पहिला हात पाण्याच्या पंपाच्या पुलीला लावावा. ती धरून हलवली आणि सैलपणा जाणवला, किंवा पंपाखाली पाण्याचे ओघळ दिसले, तर भाव करताना ते बोलून दाखवावे. या इंजिनात पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला आहे. तो बदलायला कव्हर काढावे लागते, कव्हरसाठी हेड उतरवावे लागते आणि खालचा संपही (तेलाचे भांडे) मोकळा करावा लागतो. पट्टा गरजेपेक्षा ताणला की पंपाचे बेअरिंग जाते, एवढ्या साध्या कारणाने एवढे मोठे काम अंगावर येते. आता पुढूनच बदलता येणारे पंपही निघाले आहेत, आणि इंजिन एकदा खोललेच असेल तर तो बसवून घेण्यात शहाणपण आहे.

मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलांवर सांध्याऐवजी रोटोफ्लेक्स नावाची जाड रबरी कपलिंग असतात, एकूण चार. रबर पिळले जाते आणि सुटते, त्यामुळे क्लच सोडताना गाडी हिसके देते. चांगल्या गाडीतही हे थोडे होतेच. रबरात भेगा असतील तर मात्र गाडी चालवून पाहू नये. कपलिंग वेगात तुटले तर सुटा अ‍ॅक्सल फिरत फिरत चॅसिसला आणि बॉडीला झोडपतो. अनेक जण आता आधुनिक सांध्यांचे अ‍ॅक्सल बसवतात.

स्प्रिंटला जास्त भाव येतो, म्हणून जुन्या गाड्यांना स्प्रिंटचा दुरंगी साज चढवलेला आढळतो. इंजिनावरच्या झाकणावर ‘बिग व्हॉल्व्ह’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, झाकण बदलायला दहा मिनिटे लागतात. चॅसिसची पाटी, इंजिन ब्लॉकवरचा क्रमांक आणि नोंदणीचे कागद हे तिन्ही जुळले पाहिजेत. ओळख सिद्ध न होणाऱ्या गाडीला ब्रिटनमध्ये ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळू शकतो आणि तिची किंमत घसरते. चाळीस वर्षांवरील गाडीला तिथे रस्ताकर माफ होतो, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. सूट असली तरी विकत घेण्यापूर्वी ती तपासणी करून घेणेच चांगले.

पुनर्बांधणी. खरे काम बॉडी चॅसिसवरून उचलण्यापासून सुरू होते. बॉडी हलकी असल्याने चार-पाच माणसे ती हातांनी उचलून बाजूला ठेवू शकतात. पण त्याआधी बोल्ट सुटले पाहिजेत. जाम झालेल्या बोल्टवर जोर केला की फायबरग्लासमधले बोंडच गरगर फिरू लागते आणि त्याभोवतीचा थर फाटतो. म्हणून आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारे तेल द्यावे, आणि तरीही न सुटणारा बोल्ट पिळत बसण्यापेक्षा कापून टाकावा. उष्णता देऊ नये, रेझिन जळते.

तड्यावर पुट्टी भरून रंग मारला तर तो वर्षभरात परत उमटतो. तडा मुळापर्यंत घासून काढावा, त्याच्या कडा चार-पाच सेंटिमीटरपर्यंत उताराने पातळ कराव्यात आणि आतून-बाहेरून मॅटचे नवे थर द्यावेत. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर १०० ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम एवढाच. जास्त घातला तर रेझिन तापून ठिसूळ होते. थंडीत काम रेंगाळते, खोली वीस अंशांच्या आसपास हवी. मॅट रेझिनने भिजली की ती पांढरट राहत नाही, पारदर्शक होते. पांढरे ठिपके म्हणजे आत अडकलेली हवा. ब्रशने टोचत आणि रोलर फिरवत ती बाहेर काढावी लागते. काचतंतूंची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसात जाते, तेव्हा पूर्ण बाह्या, हातमोजे आणि योग्य मास्क यांत कसूर नको.

जुना रंग काढायला साधे रसायन वापरले तर ते जेलकोटही खाते आणि थरांत मुरून राहते, मग नवा रंग सहा महिन्यांनी फुगतो. धारदार पात्याने खरवडून आणि नंतर कागदाने घासून रंग काढणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे. उघडी झालेली बॉडी काही आठवडे उबदार, कोरड्या जागी ठेवून मगच प्रायमर मारावा. घाई होते ती नेमकी इथेच.

वायरिंगचे कोडे वेगळे आहे. पोलादी गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, पंपाला, मीटरला परतीची स्वतंत्र वायर लागते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंदावतो, हॉर्न दाबला की मीटरचा काटा हलतो, असल्या तक्रारींमागे बहुतेक वेळा गंजलेला अर्थिंगचा सांधाच असतो. सगळी वायरिंग बदलण्याआधी हे सांधे उघडून, घासून, नव्याने आवळून पाहावेत.

आग हा या गाड्यांचा जुना शत्रू. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या वेबर कार्बोरेटरांच्या नेमक्या खाली डिस्ट्रिब्यूटर आहे, आणि रेझिन एकदा पेटले की आवरत नाही. त्यात सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते. पुनर्बांधणीत इंधनाची एकूण एक नळी इथेनॉल सोसणारी टाकावी, क्लिपा नव्या घ्याव्यात, पाच टक्केवाले उच्च दर्जाचे पेट्रोल भरावे आणि बसल्या जागेवरून हात पोहोचेल असे अग्निशामक नळकांडे ठेवावे. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर हेड, सस्पेन्शन आणि बॉडीचे बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. दारांच्या फटीही याच सुमारास थोड्या सरकतात, त्या बिजागरीवर जुळवून घ्याव्या लागतात.