एरिया ५१ आणि उडत्या तबकड्यांच्या कहाण्या

एरिया ५१ म्हणजे अमेरिकेच्या नेवाडा राज्यातला हवाईदलाचा एक गुप्त तळ. लास व्हेगासपासून उत्तरेला, थोडा वायव्येकडे, साधारण १३० किलोमीटरवर ग्रूम लेक नावाचं एक तळं आहे, त्याच्या काठावर हा वसलाय. तळं म्हटलं तरी पाण्याचा पत्ता नाही, नुसता खारट मातीचा कडक सपाट पापुद्रा, म्हणजे विमान उतरवायला देवानेच करून ठेवलेली धावपट्टी. इथे सत्तर वर्षं झाली नवनवीन विमानं तपासली जातायत, पण जगात नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. इथे म्हणे परग्रहावरच्या तबकड्या ठेवल्यात, कोसळलेल्या यानातले एलियन बर्फात घालून ठेवलेत, आणि खाली जमिनीत मजल्यावर मजले आहेत. यातल्या एकाही गोष्टीचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. तरी कहाणी काही मरत नाही, आणि ती का मरत नाही ते बघण्यासारखं आहे, कारण ती जिवंत ठेवायला सरकारनेही बऱ्यापैकी हातभार लावलाय.

सुरुवात कशी झाली

१९५५ मध्ये सीआयएला सोव्हिएत रशियावरून गुपचूप उडणारं विमान हवं होतं, एवढं उंच की खालून तोफा पोचणार नाहीत. लॉकहीडचा इंजिनियर केली जॉन्सन यू-२ नावाचं विमान बनवत होता आणि त्याला चाचणीसाठी अशी जागा पाहिजे होती जिथे चिटपाखरू फिरकणार नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये सीआयएचा रिचर्ड बिसेल, जॉन्सन आणि टेस्ट पायलट टोनी लव्हीयर छोट्या विमानातून फिरत फिरत ग्रूम लेकवर आले आणि जागा पसंत पडली. शेजारीच अणुबॉम्ब चाचण्यांचं मैदान, त्यामुळे कोण कशाला येतंय मरायला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने तो तुकडा त्या मैदानाला जोडायला मंजुरी दिली. जॉन्सनने कामगार यावेत म्हणून या उजाड रानाला पॅरडाइज रँच असं गोंडस नाव दिलं, आपल्याकडे बिल्डर खडकावरच्या इमारतीला ग्रीन व्हॅली म्हणतात तसंच. ऑगस्टमध्ये यू-२ उडालं पण.

आता गंमत अशी की त्या काळात प्रवासी विमानं साधारण दहा ते वीस हजार फुटांवरून जायची आणि यू-२ साठ हजारांच्याही वर. संध्याकाळी खाली अंधारून आलेलं असायचं पण एवढ्या उंचीवर ऊन असायचंच, ते चंदेरी पंखांवर पडलं की खालच्या विमानातल्या पायलटला डोक्यावर आगीचा गोळा दिसायचा. तिथे माणसाने बनवलेलं काही असूच शकत नाही अशी त्याची खात्री, कारण तसंच शिकवलेलं, मग तो बिचारा रिपोर्ट लिहायचा की तबकडी दिसली. हवाईदलात अशा रिपोर्टांची छाननी करणारं ब्लू बुक नावाचं खातं होतं, ते यातले बरेच रिपोर्ट यू-२ च्या उड्डाणांशी ताडून बघायचं, जुळायचे, पण बघणाऱ्याला खरं कारण सांगायची सोय नव्हती. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात आलेल्या तबकड्यांच्या रिपोर्टांपैकी निम्म्याहून जास्त यू-२ आणि त्याच्या पुढच्या विमानामुळे आले, असं सीआयएच्या स्वतःच्या इतिहासात लिहिलंय. हा आकडा काही अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, आणि सीआयए स्वतःबद्दल काही सांगत असेल तर जरा जपूनच घ्यावं हेही खरं, पण काही ना काही रिपोर्ट त्यातून आले एवढं नक्की.

पुढचं विमान म्हणजे ए-१२, १९६२ मध्ये इथेच पहिल्यांदा उडालं, टायटॅनियमचं, आवाजाच्या तिप्पट वेगाचं. १९६३ च्या मे महिन्यात यातलं एक यूटामध्ये कोसळलं. पायलट केन कॉलिन्स पॅराशूटने सुखरूप उतरला, मदतीला धावून आलेल्या लोकांना त्याने सांगितलं की विमानात अणुबॉम्ब आहे, तिकडे जाऊ नका. लोक कशाला जातायत! पेपरवाल्यांना सांगितलं की एफ-१०५ हे नेहमीचं लढाऊ विमान पडलं. म्हणजे एका विमानासाठी दोन थापा.

नंतर याच तळावर शत्रूची विमानंही आली. १९६६ मध्ये एक इराकी पायलट मिग-२१ घेऊन थेट इस्रायलला पळाला, इस्रायलने ते अमेरिकेला उसनं दिलं, आणि १९६८ मध्ये नेवाडात त्याची कसून परीक्षा झाली. आपल्या नाशिकजवळ ओझरला बनायची ती हीच मिग-२१. मग १९७७ च्या डिसेंबरात हॅव ब्लू नावाचं प्रायोगिक विमान उडालं, ज्यातून रडारला न दिसणारं एफ-११७ आलं. ते कोनाकोनाचं काळं धूड रात्री हायवेवरून बघितलं तर कोणीही परग्रहावरचंच म्हणेल. हवाईदलाने ते विमान असल्याचं कबूल केलं १९८८ मध्ये, तोवर ते अनेक वर्षं उडत होतं.

तबकड्या कुठून आल्या

एक गोष्ट बरेच जण विसरतात, की एलियनची मूळ कहाणी इथली नाहीच. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलजवळ एका गुरांच्या रानात चिंध्या, काड्या आणि चमकणारा कागद असा कचरा पडलेला सापडल्याची बातमी आली. त्याच्या दोनच आठवडे आधी केनेथ आर्नल्ड नावाच्या पायलटने नऊ चमकत्या वस्तू बघितल्याचं सांगितलं होतं आणि पेपरांनी त्यावरून उडती तबकडी हा शब्द जन्माला घातला होता, सगळीकडे तीच चर्चा. रॉझवेलच्या हवाई तळाने ८ जुलैला जाहीर करून टाकलं की आम्हाला तबकडी मिळाली, आणि लगेच फिरवलं की नाही, हवामानाचा फुगा होता. फुगा खराच होता पण हवामानाचा नव्हता. रशियाने अणुस्फोट केला तर त्याचा आवाज वरच्या हवेत ऐकू यावा म्हणून सोडलेल्या मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पातला तो होता, आणि हे हवाईदलाने कबूल केलं १९९४ मध्ये! सत्तेचाळीस वर्षांनी सांगितलेल्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार. १९६० मध्ये यू-२ रशियात पाडलं गेलं तेव्हाही अमेरिका म्हणाली की हवामानाचं विमान वाट चुकलं, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने जिवंत पायलट दाखवून पार फजिती केली. दोन्ही वेळा हवामान. लोकांनी सरकारच्या खुलाशाला नाक मुरडायला तिथूनच शिकलं म्हटलं तरी चालेल.

रॉझवेलचा ‘माल’ ग्रूम लेकला नेला ही जोडणी बरीच नंतरची. ती घट्ट झाली १९८९ मध्ये, लास व्हेगासच्या केएलएएस चॅनलवर बॉब लझार आला तेव्हा. आधी मे महिन्यात चेहरा लपवून खोट्या नावाने, नंतर नोव्हेंबरमध्ये उघडपणे. तो म्हणाला ग्रूम लेकच्या दक्षिणेला पापूस लेकजवळ एस-४ म्हणून जागा आहे, तिथे नऊ तबकड्या आहेत, आणि त्या कशा उडतात ते उलगडायचं काम मी करत होतो. इंधन म्हणे ११५ नंबरचं मूलद्रव्य. एमआयटी आणि कॅलटेकमध्ये शिकलो असं त्याने सांगितलं पण दोन्हीकडे त्याची नोंद नाही. लॉस अलामोस या सरकारी अणुप्रयोगशाळेच्या फोन डिरेक्टरीत मात्र नाव सापडलं, तेही कंत्राटी कंपनीचा माणूस म्हणून, आणि एवढ्या धाग्यावर अख्खी कहाणी उभी राहिली. २००३ मध्ये रशियाच्या दुबना इथे ११५ नंबरचं मूलद्रव्य खरंच बनवलं, आता त्याला मॉस्कोव्हियम म्हणतात, तेव्हा लझारचे चाहते म्हणाले बघा, सांगितलं होतं ना! अहो पण ११४ नंबरच्या खोलीनंतर ११५ नंबरची असणार हे सांगायला तबकडी कशाला हवी. शिवाय जे बनलं ते सेकंदभरही टिकत नाही, त्यावर यान काय चालणार.

गोरिला आणि इतर पांघरुणं

ही सगळ्यात मजेशीर बाजू आहे. १९४२-४३ मध्ये कॅलिफोर्नियात मुरॉकला, म्हणजे आजच्या एडवर्ड्स तळावर, अमेरिकेचं पहिलं जेट विमान तपासलं जात होतं. जमिनीवर असताना नाकाला लाकडी पंखा लावून ठेवायचे, कोणाला संशय नको. जॅक वूलम्स नावाच्या टेस्ट पायलटने तर गोरिलाचा मुखवटा घालून, डोक्यावर टोपी आणि तोंडात सिगार अशा थाटात ते उडवलं आणि दुसऱ्या पायलटांच्या शेजारून गेला. आता उतरून सांगा कोणाला, की बिनपंख्याचं विमान बघितलं आणि ते गोरिला चालवत होता. सांगणाराच वेडा ठरतो. साक्षीदाराचं तोंड बंद करायची गरजच नाही, त्याने तोंड उघडलं की लोक हसतील एवढी व्यवस्था केली की झालं.

ऐंशीच्या दशकात हेच जास्त वाईट पद्धतीने झालं. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला पॉल बेनेविट्झ नावाचा उद्योजक राहायचा, त्याला घरासमोरच्या कर्टलंड तळावर विचित्र दिवे दिसायचे, सिग्नल मिळायचे. तो पकडत होता ते बहुधा तळाचेच प्रयोग. हवाईदलाच्या गुप्तहेर विभागाने त्याला गप्प करण्याऐवजी एलियनच्या खोट्या गोष्टी पुरवल्या. डल्सी गावाजवळ डोंगराखाली एलियनचा तळ आहे ही आज यूट्यूबवर फिरणारी कहाणी मुख्यतः तिथूनच मोठी झाली. माणूस पार खचला, १९८८ मध्ये हॉस्पिटलात भरती करावा लागला. त्याच्यावर पाळत ठेवायला मदत करणाऱ्या विल्यम मूर या तबकडी अभ्यासकानेच १९८९ मध्ये लास व्हेगासच्या एका संमेलनात भर सभेत हे कबूल केलं, लोक चिडून ओरडायला लागले. आणि जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की ऐंशीच्या दशकात एका कर्नलने एरिया ५१ जवळच्या बारमालकाला तबकड्यांचे बनावट फोटो नेऊन दिले, भिंतीवर लावायला, का तर रडारला न दिसणाऱ्या विमानाकडे कोणाचं लक्ष जाऊ नये. पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, तपासणाऱ्यांसमोर त्या कर्नलने ते मान्य केलंय. म्हणजे ‘सरकार आपल्याशी खोटं बोलतंय’ हे म्हणणारे बरोबर होते, फक्त खोटं कुठलं ते ओळखण्यात चुकले.

झाकली मूठ

नव्वदच्या दशकापर्यंत हा तळ अस्तित्वातच नाही अशी सरकारची भूमिका होती, आणि दुसरीकडे जवळच्या फ्रीडम रिजवर चढून लोक दुर्बिणीतून हँगर मोजत बसायचे. १९९५ मध्ये त्या टेकड्याही ताब्यात घेऊन बंद केल्या. आता टिकाबू शिखरावरून दिसतं, पण ते ४० किलोमीटरच्या वर लांब. रोज सकाळी लास व्हेगासच्या विमानतळावरून लाल पट्ट्याची पांढरी बोइंग ७३७ विमानं कामगारांना घेऊन जातात, लोक त्यांना जॅनेट म्हणतात. सगळं उघड्यावर चाललेलं, फक्त नाव घ्यायचं नाही.

त्याची खरी किंमत कामगारांनी मोजली, आणि याबद्दल तबकडीवाले फार बोलत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं. तळावरचा विषारी कचरा उघड्या खड्ड्यांत जाळायचे, त्या धुराने त्वचेचे आणि श्वासाचे आजार झाले असा दावा कामगारांनी आणि दोन विधवांनी १९९४ मध्ये लावला, वकील जोनाथन टर्ली. सरकारने कोर्टात तळाचं नावसुद्धा सांगितलं नाही, ‘ग्रूम लेकजवळची जागा’ एवढंच. १९९५ मध्ये क्लिंटनने सही करून तिथल्या पर्यावरणाची माहिती उघड करण्यातून सूट दिली, आणि दावा गेला. आपल्याला नक्की कशाने आजारी पाडलं हेसुद्धा त्या लोकांना कळू दिलं नाही.

पुढच्याच वर्षी नेवाडा राज्याने तिथल्या ३७५ नंबरच्या रस्त्याला एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे असं नाव दिलं. गुप्त तळाची जाहिरात सरकारी बोर्डावर! रेचेल हे चिमुकलं गाव तर तबकड्यांच्या पर्यटकांवरच चालतं. शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये माहिती मागणाऱ्या एका अर्जामुळे सीआयएने यू-२ चा इतिहास नकाशासकट खुला केला आणि त्यात एरिया ५१ हे नाव छापलेलं होतं. मानणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही, काही जण म्हणाले तबकड्या आधीच यूटात हलवल्यात.

२०१९ मध्ये एका तरुणाने फेसबुकवर गंमत म्हणून इव्हेंट टाकला की २० सप्टेंबरला सगळे मिळून एरिया ५१ मध्ये घुसूया, सगळ्यांना थोडंच अडवणार आहेत. वीस लाखांवर लोकांनी येतो म्हणून टिक केलं. लिंकन काउंटीने आधीच आणीबाणीची तयारी केली. प्रत्यक्षात आसपास जमले दीडेक हजार, फाटकापर्यंत गेले शे-दीडशे, आत कोणी गेलं नाही, काही जणांना अटक झाली आणि बाकीच्यांनी सेल्फी काढले. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या एएआरओ या कार्यालयाने जुन्या सगळ्या दाव्यांचा अहवाल काढला, परग्रहावरचं यान सरकारकडे असल्याचा पुरावा मिळाला नाही असा त्याचा निष्कर्ष. हे सांगणारंही पेंटागॉनच, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगायला नको.

आपल्याकडचं सांगायचं तर लडाखच्या कोंगका ला खिंडीजवळ जमिनीखाली एलियनचा तळ आहे असे फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतायत. तिथल्या सीमेवरचं वातावरण आधीच तापलेलं, कोणाला जाऊन बघता येत नाही, म्हणजे कहाणीला लागतं ते सगळं हजर. २०१३ मध्ये मात्र एक खरी गोष्ट बाहेर आली. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये पांगोंग सरोवराजवळ जवानांना आकाशात चमकत्या वस्तू दिसत होत्या, चीनचे ड्रोन असावेत म्हणून त्यांनी इमानदारीत प्रत्येक वेळ लिहून ठेवली, ३२९ नोंदी झाल्या. मग बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या लोकांना बोलावलं, त्यांनी बघून सांगितलं की हे गुरू आणि शुक्र आहेत. तोवर वहीत या दोन ग्रहांनी १५५ वेळा एलएसी, म्हणजे चीनबरोबरची ताबारेषा, ओलांडल्याची नोंद झालेली होती.