संस्थेचा कार्यक्रम ठरवताय? हॉल बुक करण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्यातल्या सामाजिक संस्थांचे वर्धापनदिन, निधी संकलनाचे प्रयोग, व्याख्यानं, पुरस्कार समारंभ असे कार्यक्रम आम्ही उभे करून देतो. संस्थांचा पहिला फोन बहुतेक वेळा "बालगंधर्वची तारीख मिळेल का?" असाच असतो. तारखेचं बघू. त्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर कार्यकारिणीत ठरवूनच या, असं सांगतो. कार्यक्रम संपवून घरी जाणाऱ्या माणसाने पुढे काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? देणगी द्यावी? दर शनिवारी दोन तास येऊन मुलांना शिकवावं? की जुन्या देणगीदारांना नुसतं भेटायचं, वर्षाचा हिशेब मांडायचा आणि आभार मानायचे?

यातलं एकच निवडा. स्वयंसेवक हवे असतील तर हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाचा काही उपयोग नाही. पन्नास-साठ जणांना संस्थेच्या जागेतच बोलवा, काम दाखवा, चहा द्या आणि नावं लिहून घ्या. त्यात आमची फारशी गरजही नाही. देणगीदारांचा मेळावा नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात किंवा पत्रकार भवनात नीट होतो; बेताच्या गर्दीत प्रत्येकाशी दोन शब्द बोलता येतात. निधी उभा करायचा असेल तरच बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह किंवा त्याहून मोठ्या गणेश कला क्रीडा मंचाचा विचार करावा.

तारीख

महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा बऱ्याच आधी वाटल्या जातात, शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तर लगेच संपतात. म्हणून मोठ्या कार्यक्रमासाठी सहा महिने हाताशी ठेवा. रविवार सकाळचं सत्र संस्था विनाकारण टाळतात. ज्येष्ठ प्रेक्षकांना तेच सोयीचं पडतं, अंधार पडायच्या आत घरी जाता येतं.

शहराचं पंचांगही बघावं लागतं. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते आपले नसतात. गणेशोत्सवात मध्यवस्तीत कार्यक्रम ठेवणं हा निव्वळ हट्ट. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन असते, त्याच महिन्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव. गाणं ऐकणारा वर्ग त्या दिवसांत मुकुंदनगरला असतो, तुमच्याकडे येणार नाही. व्याख्यान ठेवणार असाल तर २१ एप्रिल ते २० मे हा वसंत व्याख्यानमालेचा काळ. १८७५ पासूनच्या उपक्रमाशी स्पर्धा कशाला? फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं असलेली घरं वजा करा. पितृपक्षात मात्र हॉल सहज मिळतात, आणि रक्तदान किंवा व्याख्यानाला त्याची अडचण कुणाला वाटत नाही. लग्न थोडंच लावायचंय!

प्रवेशिका आणि पावती

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चॅरिटी शोमध्ये संस्था निर्मात्याकडून नाटकाचा प्रयोग ठरावीक रकमेला घेते आणि प्रवेशिका स्वतः खपवते. समजा प्रयोग, नाट्यगृह, छपाई आणि चहापाणी धरून खर्च १,८०,००० रुपये झाला आणि प्रवेशिका ३०० रुपयांची ठेवली. म्हणजे ६०० प्रवेशिका खपेपर्यंत संस्थेच्या हातात एक रुपयाही पडलेला नाही. खरी शिल्लक प्रायोजकांकडून आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींतून येते. स्मरणिका जुनाट वाटते खरी, पण ओळखीचा डॉक्टर, मेडिकलवाला, बिल्डर, सराफ 'देणगी द्या' म्हटल्यावर विचार करतो, अर्ध्या पानाची जाहिरात मात्र लगेच देतो. आमचा आग्रह असतो की खर्चाइतके प्रायोजक आधी जमवा आणि मगच प्रवेशिका छापा.

आता पावतीचं. 'देणगी प्रवेशिका' असं छापलं तरी तिच्या बदल्यात प्रेक्षकाला नाटक बघायला मिळतं. त्यामुळे प्रवेशिकेच्या रकमेला ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी पावती देता येत नाही. हे काउंटरवरच्या स्वयंसेवकाला पाठ हवं, कारण पाचातला एक जण ती मागतोच. ज्याला करसवलत हवी आहे त्याच्याकडून वेगळी, निखळ देणगी घ्या. ती रोख आणि २००० रुपयांहून जास्त असेल तर सवलत मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन घ्या. पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या, नंतर फोन करत बसणं खजिनदाराच्या जिवावर येतं. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. "सध्या माझ्या नंबरवर पाठवा, मी वळते करतो" हे कितीही चांगल्या मनाने म्हटलेलं असलं तरी ऑडिटच्या वेळी त्याचं उत्तर देता येत नाही.

परदेशातली मुलं, हा पुण्यातल्या प्रत्येक संस्थेचा विषय. मुलगा तिकडे नोकरी करतो पण पासपोर्ट भारतीय आहे, आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती परकीय देणगीच. त्यासाठी संस्थेकडे परकीय देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

कंपन्यांकडे जाताना सीएसआरचा, म्हणजे त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा अर्ज घेऊन जाऊ नका. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात बसत नाहीत, हे केंद्र सरकारने २०१४ च्याच परिपत्रकात स्पष्ट केलंय. कार्यक्रमासाठी कंपनीच्या मार्केटिंग विभागाला भेटा, सीएसआरवाल्यांसमोर वर्षभराच्या कामाचा प्रस्ताव ठेवा. दोन वेगळी दारं आहेत. एकाच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याकडची वस्तू मागितली की दोन्हीकडून हात हलवत परतावं लागतं.

परवानग्या

बंदिस्त सभागृहात फार त्रास नाही. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र निर्मात्याकडे असतंच. आपल्याच सभासदांचं हौशी नाटक असेल तर ते आणि लेखकाची परवानगी, दोन्ही आपल्याला मिळवावी लागतात. मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं असू शकतं, हे जागा बघतानाच तपासा. रस्त्यावरची दौड असेल तर वाहतूक शाखा. थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, केटररला आठवण करून द्या.

लोकांपर्यंत पोचवणं

चौकातल्या फ्लेक्सला महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते, आणि परवानगी घेऊन लावलेला फ्लेक्स बघून कुणी सामाजिक संस्थेच्या कार्यक्रमाला आल्याचं आम्ही अजून पाहिलेलं नाही. ते पैसे वाचवा.

माणसं माणसांच्या सांगण्याने येतात. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने वीस जणांना फोन करायचा; व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून मोकळं व्हायचं नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, भिशी मंडळ, सोसायट्यांचे ग्रुप, वाचनालयाचा सूचनाफलक ही आपली खरी माध्यमं. वर्तमानपत्रांच्या 'आजचे कार्यक्रम' सदरासाठी चार ओळींचं टिपण दोन दिवस आधी द्या: काय, कोण, कुठे, किती वाजता, प्रवेश कसा. अध्यक्षांचा परिचय त्यात नको. सविस्तर बातमी हवी असेल तर बातमीदाराला कार्यक्रमाचं नव्हे, कामाचं निमंत्रण द्या. संस्थेची शाळा, दवाखाना किंवा वसतिगृह बघून गेलेला बातमीदार जे लिहितो ते पत्रक वाचून लिहिता येत नाही.

विनामूल्य प्रवेशिका घेतलेले सगळे येत नाहीत. पाऊस पडला तर आणखी कमी. म्हणून त्या खुर्च्यांपेक्षा जास्त वाटाव्या लागतात. पत्रिकेवर जवळचं मेट्रो स्थानक छापा: बालगंधर्वसाठी छत्रपती संभाजी उद्यान, गणेश कला क्रीडासाठी स्वारगेट. पार्किंगच्या धास्तीने घरी बसणारे त्यामुळे बाहेर पडतात.

फोटोंच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. बालगृहातल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करणं बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फेसबुकवरची पोस्टही त्यात आली. मुलांनी काढलेली चित्रं वापरा, हातांचे, कामाचे फोटो वापरा. प्रौढ लाभार्थी असतील तर लेखी संमती घ्या, आणि मंचावर बोलावून त्यांना दुःख सांगायला लावू नका. देणगी वाढते म्हणून तसं करणाऱ्या संस्था आहेत, आम्ही त्यांचं काम घेत नाही.

मंचावर

पत्रिकेवर साडेपाच असेल तर साडेपाचला सुरू करा. वेळेवर आलेल्यांना उशिरा येणाऱ्यांसाठी ताटकळत ठेवू नये. दीपप्रज्वलनाआधी मंचावरचा पंखा बंद करायला एक माणूस नेमा. सत्कार तीनच. प्रत्येक शाल-श्रीफळाला परिचय, टाळ्या आणि फोटो धरून चार-पाच मिनिटं जातात, दहा सत्कार म्हणजे पाऊण तास गेला. मुख्य पाहुण्यांना किती मिनिटं बोलायचंय ते आधी फोनवर सांगा, चिठ्ठी पाठवायची वेळ आणू नका. देणगीचं आवाहन आभारप्रदर्शनात ढकलू नका, तोपर्यंत निम्मं सभागृह चपला शोधत असतं. ते मध्यंतरापूर्वी, एकानेच, तीन मिनिटांत करावं आणि आकडा सांगून करावं: एका मुलाचा वर्षाचा खर्च अमुक इतका.

आमची फी आणि पहिली भेट

जमलेल्या निधीवर आम्ही टक्केवारी घेत नाही. फी कामाच्या आवाक्याप्रमाणे आधी लेखी ठरते. निम्मी काम सुरू करताना, उरलेली कार्यक्रमानंतर आठ दिवसांत. साउंड, डेकोरेटर, केटरर, छपाई यांची बिलं थेट संस्थेच्या नावाने येतात. कार्यक्रमानंतर उपस्थितांची यादी, जमाखर्च आणि पहिल्यांदाच देणगी दिलेल्यांची वेगळी यादी आम्ही देतो. त्या यादीतल्या प्रत्येकाला आठवड्याच्या आत संस्थेतल्या कुणीतरी फोन करायचा, हे काम आम्ही अंगावर घेत नाही. तो आवाज संस्थेचाच हवा.

पहिल्या भेटीला येताना संस्थेचं नोंदणीपत्र, ८०जीचं प्रमाणपत्र, गेल्या कार्यक्रमाचा जमाखर्च आणि देणगीदारांची यादी आणा. यादी वहीत असली तरी चालेल. खजिनदारांना बरोबर आणलंत तर फार बरं, निम्मे प्रश्न त्यांच्याकडेच असतात.